मूळ भिंत आणि वरचे थर



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी आम्हांला विचारले की, कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाचा चित्रांशी काय संबंध? आमचे उत्तर साधे आहे. चित्र आकाशातून पडत नाही. ते कोणीतरी करतो. आणि जेथे काम आले तेथे ते कोणी केले, कसे केले, त्याचे श्रेय कोणाला आणि मोल कोणाला मिळाले, हे प्रश्न आलेच. हे प्रश्न विचारण्यातच आमचे आयुष्य गेले आहे.

जळगावच्या फुले मार्केटच्या बाजूला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कोणत्याही फोटो स्टुडिओत वा बॅनरच्या दुकानात डोकावून पाहा. संगणकापुढे एक तरुण बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर नवरदेवाचा फोटो असतो. नवरदेवाच्या मागे मांडवाचा खांब, पाण्याची टाकी आणि कोणाचा तरी अर्धा खांदा आलेला असतो. तो तरुण नवरदेव तेवढा अलगद उचलतो आणि राजवाड्यासमोर उभा करतो. हे काम तो दोन साधनांनी करतो. एकाला तो ‘सिलेक्शन’ म्हणतो, दुसऱ्याला ‘लेअर’. आपण त्यांना निवड आणि थर म्हणू.

थर म्हणजे काय? चार स्वच्छ काचा एकावर एक ठेवल्या आहेत असे समजा. सर्वांत खालच्या काचेवर मूळ चित्र आहे. दुसरीवर फक्त आकाश, तिसरीवर माणूस, चौथीवर अक्षरे. वरून पाहणाऱ्याला एकच चित्र दिसते. पण तिसरी काच काढून घेतली तर माणूस तेवढा जातो, आकाश जागेवर राहते आणि खालच्या मूळ चित्राला ओरखडाही पडत नाही. निवड म्हणजे चित्राच्या एका भागाभोवती घातलेले कुंपण. पडद्यावर ते चालत्या मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. कुंपणाच्या आत जेवढे असेल तेवढ्यावरच हत्यार चालते; बाहेरचे सुरक्षित राहते. तिसरा शब्द ‘मास्क’. आपल्या खानदेशात तो समजावून सांगायला अडचण नाही. कापसाच्या गाठीवर खूण मारण्यासाठी अक्षरे कोरलेला पत्रा ठेवतात. कोरलेल्या जागेतून रंग खाली उतरतो, पत्र्याने झाकलेल्या जागी उतरत नाही. मास्क म्हणजे हाच पत्रा. फरक एवढाच की, संगणकातला पत्रा अर्धवट पारदर्शकही असू शकतो. शून्यापासून २५५ पर्यंतच्या आकड्यांत त्याला सांगता येते की, येथे रंग किती उतरू दे आणि किती अडव.

आमचे म्हणणे असे की, ही युक्ती यंत्राने शोधलेली नाही. ती हाताने काम करणाऱ्यांची फार जुनी विद्या आहे. तिच्यात एक नीतीही आहे आणि ती नीती विसरल्यामुळे काय नुकसान होते, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. जळगावपासून सुमारे साठ किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणात, अजिंठ्याच्या भिंती उभ्या आहेत. सरकारी दप्तरात ती लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत. पण जगभरचा प्रवासी आगगाडीतून जळगावला उतरून तिकडे जातो आणि वाघूरचे पाणी शेवटी आपल्याच तापीला मिळते. तेव्हा अजिंठ्याबद्दल बोलण्याचा आपलाही हक्क आहे.

प्रथम ती भिंत कशी बनली ते पाहू. कातळ छिनीने मुद्दाम खडबडीत ठेवला. त्यावर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा जाड गिलावा चढवला. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, मग चुन्याचा पातळ हात. सुकलेल्या पृष्ठावर तांबड्या रेषेने आकृत्या आखल्या आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा आणि काजळीचा काळा असे रंग भरले. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्दी दगड तेवढा अफगाणिस्तानच्या बाजूने आला. शेवटी पुन्हा रेषा काढून आकृती उठवली. म्हणजे अजिंठ्याचे चित्र हेच मुळात थरांचे चित्र आहे. गिलावा करणारा, चुना लावणारा, रेषा काढणारा आणि रंग घोटणारा, एवढ्यांचे हात त्यात एकावर एक आहेत.

त्यांची नावे काय होती? सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्र याचे नाव आहे. पाचव्या शतकातली ही नावे आज आपण वाचू शकतो. ज्यांनी पद्मपाणीच्या भुवया काढल्या त्यांचे नाव मात्र आपल्याला माहीत नाही. पैसे देणारा शिलालेखात गेला आणि काम करणारा गिलाव्यात राहिला. जगाचा हा जुना रिवाज आहे; तो येथेही आहे, एवढेच आम्ही नोंदवतो.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. नव्या काळाने अजिंठ्यावर चढवलेला पहिला थर तो हा : एक ओरखडा. चित्रकाराचे नाव नाही आणि पाहुण्याचे नाव चित्रावर! पुढे मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड आले. त्यांना काही आकृत्या आवडल्या. त्या संग्रहासाठी न्याव्यात म्हणून त्यांनी त्या भिंतीवरून सोलून काढण्याचा प्रयत्न केला आणि हातात चुरा आला. संगणकावर काम करणारे तरुण ‘कट’ आणि ‘कॉपी’ यांतला फरक पहिल्या दिवशी शिकतात. कट म्हणजे मूळ जागेवरून उचलणे, कॉपी म्हणजे मूळ जागी ठेवून दुसरे करणे. डॉ. बर्ड यांनी कट केले. परत घेण्याची सोय भिंतीत नव्हती.

कॉपी करण्याचा मार्ग मेजर रॉबर्ट गिल यांनी धरला. स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या लेण्यांबद्दल निबंध वाचला. त्यानंतर कंपनी सरकारने या कामाला मद्रास सैन्यातल्या गिल यांची नेमणूक केली. १८४४ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे ते अजिंठ्यात राहून तैलरंगात मोठमोठ्या कॅनव्हासवर भिंतीची नक्कल करत राहिले. त्यांच्या आणि पारोच्या प्रेमाची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. आम्हांला तिच्यात शिरायचे नाही. आम्हांला दिसतो तो कंदिलाच्या आणि परावर्तित उन्हाच्या उजेडात शिडीवर उभा राहून वर्षानुवर्षे एकच काम करणारा माणूस. त्या कॅनव्हासांतले बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि दोन दशकांच्या श्रमाची राख झाली. थोडी चित्रे तेवढी वाचली. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारले. त्यांची कबर भुसावळातच आहे. तेथून रोज शेकडो लोक जातात. त्यांतल्या किती जणांना ती ठाऊक असेल?

गिल यांच्या नकला जळाल्या म्हणून मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात, मध्ये खंड पडत पडत, पुन्हा तेच काम केले. या वेळी एकटा माणूस नव्हता. शाळेतल्या हिंदी विद्यार्थ्यांची तुकडी होती. पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत ही त्यांतली दोन नावे. सुमारे तीनशे नकला झाल्या. त्या लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाकडे गेल्या आणि १२ जून १८८५ च्या आगीत त्यांतल्या शंभरावर जळाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापले. पुढे १९०९ ते १९११ या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन होते. त्यानंतर जपानचे आराई काम्पो आले. त्यांच्या नकला १९२३ च्या जपानमधल्या भूकंपात गेल्या.

येथे जरा थांबून हिशोब करू. चार वेळा नकला झाल्या आणि त्यांतल्या तीन वेळा त्यांचा मोठा भाग आगीत वा भूकंपात गेला. माणसांच्या श्रमाचे नुकसान अपार झाले. पण भिंतीचे काय झाले? नकला जळाल्या म्हणून भिंतीचा एक कणही कमी झाला नाही. कारण ते सर्व वेगळ्या कॅनव्हासवरचे, वेगळ्या कागदावरचे काम होते. वेगळा थर नष्ट झाला. मूळ जागेवर राहिले.

आता दुसरी बाजू पाहा. याच नकला करणाऱ्यांच्या काळात चित्रे उजळ दिसावीत म्हणून थेट भिंतीवर व्हार्निशचे हात दिले गेले. पाण्याचा थेंब पडला की रंग उठून दिसतो, तसे व्हार्निशखाली तात्पुरते दिसते. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा कातळाला पुन्हा घट्ट बसवला. ते काम मोलाचे होते आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण रंगांच्या रक्षणासाठी त्यांनी वर लाखेचा लेप दिला. काही वर्षांत लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली. धूळ, धूर आणि वटवाघळांची घाण तिने धरून ठेवली. खालचा निळा हिरवट दिसू लागला, पांढरा मातकट झाला आणि लेप आकसताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढू लागला. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या रसायनतज्ज्ञांचे काम काय? तर तो लेप, बोटभर जागा घेऊन, कापसाच्या बोळ्याने उतरवणे. १९९९ पासून मॅनेजर सिंग यांच्या देखरेखीखाली नवव्या व दहाव्या लेण्यांतली इसवी सनापूर्वीची चित्रे अशीच काजळीखालून पुन्हा दिसू लागली.

दोन वर्षांत चढवलेला थर उतरवायला दोन-तीन पिढ्या लागल्या. हेतू वाईट नव्हता, कामगार अडाणी नव्हते. चूक एकच : थर मूळ चित्रापासून वेगळा करता येईल असा ठेवला नाही. आमच्या मते थरांच्या सबंध इतिहासाचे सार या एका गोष्टीत आहे.

मग वेगळा थर ठेवण्याची शिस्त कोणी जपली? ती छापखान्यातल्या कामगारांनी जपली. रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रे छापली, ती दगडावर. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका दगडावर फक्त पिवळा, दुसऱ्यावर फक्त तांबडा, तिसऱ्यावर फक्त निळा. असे अनेक दगड एकाच कागदावर एकामागून एक उतरायचे. रंगाला रंग केसभर चुकला तर देवीला दोन ओठ. त्या दगडावर काम करणारा माणूस पूर्ण चित्र मनात ठेवून त्याचा एकेक थर वेगळा पाहत असे. यानंतर कॅमेरा आला. गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे चार खंड प्रसिद्ध केले, ते छायाचित्रांच्या आधारावर. रंगीत छपाईसाठी चित्र रंगीत काचांमधून वेगवेगळे टिपायचे, त्यांचे वेगवेगळे ठसे करायचे आणि कागदावर पुन्हा एकत्र आणायचे. म्हणजे डोळ्याला एक दिसणारी गोष्ट आधी फोडायची आणि मग जुळवायची.

आमच्या तरुणपणी पत्रके छापायला आम्ही छापखान्यात जात असू, तेव्हा या विद्येचे शेवटचे दिवस पाहायला मिळाले. जस्ताचे ब्लॉक होते. ऑफसेट आल्यावर काचेच्या उजेडी टेबलावर फिल्मचे तुकडे चिकटवणारा माणूस होता. निगेटिव्हवर बारीक कुंचल्याने डाग बुजवणारा रिटचर होता. जेथून उजेड जाऊ द्यायचा नाही, तेथे लाल फिल्म सुरीने कापून लावत. संगणकात झाकलेला भाग दाखवायला आजही पडद्यावर तांबडी छटा येते ना? ती त्या लाल फिल्मची आठवण आहे. ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही हत्यारे अंधाऱ्या खोलीतली आहेत : उजेडाआड हात धरून एक भाग फिका ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त उजेड देऊन तो गडद करायचा. कामगाराचा हात गेला, हाताची खूण चिन्ह होऊन उरली.

आता यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर चित्रातली हलणारी माणसे वेगळी काढून मागचा देखावा तसाच ठेवण्याची रीत अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१४ च्या सुमारास व्यंगचित्रपटांसाठी आणली. संगणकात प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर पारदर्शकतेचाही आकडा द्यावा, ही कल्पना एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७७ मध्ये काढली. थर एकावर एक कसे मिसळावेत याचे गणित १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी मांडले. थॉमस नॉल हा मिशिगन विद्यापीठातला विद्यार्थी. वडिलांच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला शिकलेला. त्याने १९८७ मध्ये भाऊ जॉन याच्या मदतीने जे काम सुरू केले, ते फोटोशॉप या नावाने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आले. त्यात निवड करण्याची साधने पहिल्यापासून होती. थर मात्र नव्हते. उचललेला तुकडा एकदा खाली टेकवला की तो खालच्या चित्रात कायमचा मुरायचा, अजिंठ्यातल्या लाखेसारखा. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले आणि कारागिराला आपले काम मूळ चित्राला न लावता वर ठेवण्याची सोय मिळाली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ नावाचा असाच कार्यक्रम लिहायला घेतला. १९९६ मध्ये तो लोकांसमोर आला. तो फुकट आहे आणि त्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते, सुधारता येते. ज्या गरीब मुलाला हे काम शिकायचे असेल त्याने तेथून सुरुवात करावी, असे आम्ही मुद्दाम सांगतो.

या साधनांचा सदुपयोगही आपल्या शेजारीच झाला आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अनेक वर्षे अजिंठ्याच्या मंद प्रकाशात चित्रे टिपली आणि भिंतीवरचे झडलेले, खरवडलेले भाग कसे असतील याची जुळणी संगणकावर केली. हे काम कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. हरवलेले बोट असेच होते कशावरून, असा प्रश्न कोणीही विचारावा. पण ती जुळणी चुकली असे उद्या ठरले तरी भिंतीला काही झालेले नाही. नवे बोट वरच्या थरात आहे; खाली खपली उडालेली जागा जशीच्या तशी आहे. चेकोनींना ही सोय नव्हती.

धुळेकरांना ही शिस्त नवी वाटणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. जुन्या कागदांचे संपादन करणाऱ्यांची रीत आपल्याला ठाऊक आहे. कागद फाटला असेल तर फाटला म्हणून दाखवायचे. अक्षर तर्काने भरायचे असेल तर ते कंसात घालायचे. मूळ लेखकाचे काय आणि संपादकाचे काय, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. तो कंस म्हणजेच वेगळा थर. कंस काढून टाकला तर वाक्य गुळगुळीत होते, वाचायला गोड लागते आणि इतिहास खोटा होतो.

निवडीचेही असेच आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आपण कॅलेंडरवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर एकटा पाहतो. भिंतीवर तो एकटा नाही. त्याच्याभोवती माणसे आहेत, वाद्ये वाजवणारे आहेत, माकडे आहेत, मोर आहेत. त्या गर्दीत तो डोळे खाली करून उभा आहे म्हणून त्याच्या करुणेला अर्थ आहे. सतराव्या लेण्यात वेस्संतर राजपुत्राचा रथ बाजारातून जातो. तेथे दुकानदार आपापल्या दुकानात बसले आहेत. चित्रकाराने राजपुत्राबरोबर बाजारही काढला; आपण मात्र राजपुत्र तेवढा उचलला. कुंपण कोठे घातले यावरून, घालणाऱ्याला काय महत्त्वाचे वाटते ते कळते.

आणि कुंपण घालून माणूस पुसताही येतो. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिनचे भाषण झाले. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की उभा होता. पुढे तो नकोसा झाल्यावर त्याच छायाचित्रातून त्याला काढून टाकले आणि पायऱ्या तेवढ्या ठेवल्या. आम्ही लाल झेंड्याखाली वाढलो. म्हणूनच हे उदाहरण आम्ही आपले समजून सांगतो. दुसऱ्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. अलीकडेच आमच्या एका सभेचे छायाचित्र एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने ‘सुधारून’ आणले. मैदानाची रिकामी बाजू त्याने भरून काढली होती. पण पांढरी टोपी घातलेला एकच म्हातारा तीन ठिकाणी बसलेला दिसत होता! आम्ही ते पत्रकावर छापू दिले नाही. तो म्हणाला, “दादा, कोणाला कळणार आहे?” आम्ही म्हटले, “त्या म्हाताऱ्याला कळेल. तो एकदाच आला होता, पायी आला होता. त्याला तीनदा दाखवून तू त्याचे येणे फुकट घालवलेस.” शेवटी मूळ फोटोच छापला. माणसे कमी होती, पण जेवढी होती तेवढी खरी होती.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या व्यवसायाचा. फोटोशॉप सुरू होताना पडद्यावर क्षणभर ते बनवणाऱ्यांची नावे येतात. वराहदेवाच्या शिलालेखापेक्षा ही निश्चित प्रगती आहे. पण त्या साधनावर रोज दहा-बारा तास बसणाऱ्या आपल्या तरुणाचे नाव कोठे येते? बॅनरवर पुढाऱ्याचे नाव, शुभेच्छुकांची तीस नावे, कोपऱ्यात फार तर दुकानाचे नाव. केसाच्या कडेने निवड करणे, दोन फोटोंतला उजेड जुळवणे, जुन्या पिवळ्या फोटोतून आजोबांचा चेहरा परत आणणे, हे दगडावर काम करणाऱ्या कारागिराच्या तोडीचे काम आहे. पण मालक म्हणतो, “काम कॉम्प्युटर करतो, हा तर नुसता बसतो.” दगडाच्या काळीही कोणी म्हटले असेल की, छापतो तर दगड! १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आपण कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग मोजत आलो. या तरुणांचे काम कुशल आहे हे मान्य करून घेणे, हे पुढच्या काळातले संघटनेचे काम आहे. आता तर निवड करणे आणि मागचा देखावा काढणे हे यंत्र एका शब्दावर आपोआप करू लागले आहे. म्हणजे ब्लॉकवाल्याच्या आणि रिटचरच्या वाट्याला जे आले ते या मुलांच्या दारात उभे आहे. त्या वेळी छापखान्यांतल्या माणसांचे हात रिकामे झाले तेव्हा त्यांना नवे काम शिकवायला फारसे कोणी पुढे आले नाही. या वेळी तसे होऊ नये.

आमची सूचना थोडक्यात सांगतो. मूळ चित्र वेगळे जपून ठेवा. घरातल्या लग्नाचे असो की गावाच्या मोर्चाचे, त्यावर लाख फासू नका. काम संपले म्हणून सगळे थर एकात मुरवून टाकू नका; काय जोडले आणि काय काढले हे पुढच्या माणसाला उलगडून पाहता आले पाहिजे. आणि ज्याने थर चढवला त्याचे नाव त्या थराबरोबर राहू द्या.

या शहरांतल्या वाचनालयांनी, जुन्या स्टुडिओंनी आणि संघटनांनी आपापल्या कपाटांतली छायाचित्रे याच पद्धतीने जतन करायला घेतली, तर शंभर वर्षांनी अशाच एखाद्या वसंत व्याख्यानमालेत बोलणाऱ्याला आमच्यासारखे ‘त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत’ असे म्हणावे लागणार नाही.